पानीमावशीची चित्रं

पानीमावशी कुठल्याही लेकराच्या चित्रासमोरून ते चित्र पुरतं वाळेपर्यंत हलत नसे. चित्र पाण्यानं काढलेलं, व्हरांड्यातल्या फरशीवर. अकोल्याच्या उन्हात ते वाळायला असा कितीसा वेळ लागणार? पण तेवढा वेळ ती उकिडवी बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, नाटक बघावं तशी त्याच्याकडे बघत राही. शेवटचा ओला ठिपका उडाला की म्हणे, "गेलं. आता दुसरं काढ." ना शाबासकी, ना कौतुक. आणि एवढं ऐकायला पोरं तिच्यापुढे रांग लावत. मी शेजारच्या खोलीतून ते पाहत असे आणि माझ्या पोटात दुखत असे. घरी मात्र मी डोकं दुखतंय असं सांगत असे.

आमची बालवाडी कापसाच्या एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि लहान पोरांना शिकवायचंही एक शास्त्र असतं ही गोष्ट आमच्या गल्लीला अगदी नवी होती. ते शास्त्र मला येत होतं. मी मूळची अमरावतीची, पण पुण्याला राहून वर्षाचा शिक्षणक्रम पुरा केलेली. परत येताना प्रमाणपत्र, टिपणांच्या दोन भरलेल्या वह्या आणि 'मले-तुले' घासूनपुसून काढलेली भाषा घेऊन आले होते. मावशी आमची मदतनीस. केर काढायचा, पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची. हजेरीपटावर तिचं नाव सुभद्रा होतं, शिक्षण चौथी. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. तो गेल्यावर ती आमच्याकडे लागली. पोरं तिला पानीमावशी म्हणू लागली ती पुढे, या चित्रांमुळे.

खरं तर रंग मी आणले होते. पुण्याहून पुड्या मागवल्या, वाट्यांत कालवल्या, मोठमोठे कागद भिंतीला लावले. पोरांनी कागद सोडून एकमेकांना रंगवलं. दुसऱ्या दिवशी आया फ्रॉक आणि सदरे हातात धरून दारात उभ्या. त्या काळी लेकराला शाळेचे कपडे दोनच, एक अंगावर अन् एक दोरीवर, आणि रंग काही निघत नव्हता. आमच्या समितीच्या चिटणिसांनी पुड्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग आठवडाभर पोरं त्या कपाटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

एका सकाळी मी आले तर सगळीकडे शांतता. चाळीस पोरं आहेत आणि आवाज नाही म्हटल्यावर मी चपला न काढताच आत धावले. व्हरांड्यात जाऊन पाहते तर सगळी फरशीवर वाकलेली. मावशीनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, काड्या मोडून आणल्या होत्या, त्यांच्या टोकाला कापूस गुंडाळून दोऱ्यानं बांधला होता, आणि डबड्यांतून पाणी ठेवलं होतं. कोरडी करडी शहाबादी ओली झाली की काळी पडते. त्या काळ्या रेघांनी सबंध व्हरांडा भरला होता. कपडे ओले होतील, असं मी म्हणाले. वाळतील, असं ती म्हणाली.

"पण यात रंग कुठे आहे?" मी विचारलं.

"लेकरायले दिसते," ती म्हणाली, आणि पुन्हा कुणाचं तरी वाळतं चित्र बघायला बसली.

हे लेकरायले दिसणं काय असतं ते मला संत्र्याच्या दिवसांत कळलं. मावशीनं संत्र्याची सालं रात्रभर पाण्यात घालून ठेवली होती. एका पोरानं नुसता एक गोल काढला आणि मला सांगितलं की हे नारिंगी आहे. मी वाकून पाहिलं. ओली फरशी, दुसरं काही नाही. मग वास आला. पुढे ती पाण्यात वाळा घाली, पुदिन्याची पानं चुरगाळून टाकी. कधी एका डबड्यात माठातलं गार पाणी आणि दुसऱ्यात उन्हात तापलेलं ठेवी. पोरं आधी बोट बुडवून बघत आणि मग ठरवत की नदी गार पाण्यानं काढायची आणि चूल तापलेल्यानं. माझ्या वहीत 'ज्ञानेंद्रियांचे शिक्षण' असा मथळा होता, खाली दोन रेघा मारलेला. त्या मथळ्याखालचं सगळं ही बाई न वाचताच करत होती. मीही एकदा इरेला पेटून गुलाबपाणी नेलं. पोरं शिंकली.

चित्र काय आहे, हे ती कधी विचारत नसे. मी विचारत असे. तसं विचारावं असं आम्हाला शिकवलं होतं. एकदा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "इचारलं का लेकरू घाबरते बाई, मंग काईतरी नाव ठोकून देते." मी तिला म्हटलं की वर्गात काय विचारायचं ते माझ्याकडे राहू दे. ती गेली कुणाचं तरी नाक पुसायला. मी मात्र त्या दिवसापासून विचारताना अडखळू लागले.

इथवरचं कदाचित मी गिळलं असतं. पण माझी नंदू त्याच बालवाडीत होती. चार वर्षांची. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं की घरी मी आई, इथे मी बाई. शिक्षकाच्या मुलाला लाड नकोत, बाकीच्या पोरांना वेगळं वाटू नये, हा माझा नियम. आणि तो पाळल्याचा मला केवढा अभिमान! एकदा ती पडली, गुडघा फुटला, तेव्हाही तिनं रडत रडत "बाई" अशीच हाक मारली आणि मी मान डोलावली. पण त्यानंतर ती माझ्याकडे यायचीच थांबली. दारातून आत आली की सरळ व्हरांड्यात. मावशीच्या अगदी लगत, खांबापाशी तिची जागा ठरलेली. दुसरी कुणी मुलगी तिथे बसली तर ही ढकलून द्यायची. माझं पोटचं पोर एका बाईच्या लुगड्याचा काठ धरून बसलेलं मी रोज बघत होते, आणि नियम माझाच असल्यामुळे तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.

घरी आली की तीच चित्रं. स्वयंपाकघराच्या दारात वाटीभर पाणी घेऊन बसायची आणि म्हणायची, थांब, वाळेपर्यंत थांब. माझी भाजी करपायची, कुकराचे दिवस नव्हते ते. मी छान आहे म्हणून वळायचे. एकदा ती शांतपणे म्हणाली, "मावशी थांबते." मी पाटा जरा जोरातच धुतला.

अशात अमरावतीहून एक बाई तपासणीला आल्या. जाडजूड, हसऱ्या, खरोखर जाणकार. पोरांची पाण्याची चित्रं पाहून त्या खुर्चीवरून उठल्या आणि सरळ फरशीवर बसल्या. कपड्यांना डाग नाही, पैशाचं काम नाही, आणि वास, स्पर्श, सगळं आहे, असं त्या म्हणत राहिल्या. मग त्यांनी वर पाहून विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

इतकं सहज निघालं ते, की माझं मलाच नवल वाटलं. मावशी चार पावलांवर माठ घेऊन उभी होती. नंदू तिच्या पायाशी. तपासणीच्या बाईंनी शेरेबुकात पानभर लिहिलं आणि अमरावतीला शिक्षिकांच्या मेळाव्यात हे करून दाखवायचं आमंत्रणही दिलं.

त्या गेल्यावर मावशी डबडी उपडी घालत होती. माझ्याकडे न बघताच बोलली. "तुमी खोटं बोलल्या, बाई. मले त्याचं काई नाई. पानी का माह्या बापाचं हाय? पन लेकरायनं आयकलं."

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत असताना नंदूनं विचारलं, "बाई, ते पाण्याचं तू शोधलंस?" मी म्हटलं, ताट घे. तिनं ताट घेतलं. पण त्या दिवसापासून ती मला घरीही बाई म्हणू लागली. आमच्या ह्यांना त्याची भारी गंमत वाटली. आल्यागेल्याला ते ही गोष्ट रंगवून सांगत, आणि मी चहा देताना हसत असे.

अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी मावशीनं मला काड्या बांधून दिल्या, चांगल्या पन्नासेक. देताना विचारलं, "तती अमरावतीले फरशी कोनती हाय?" मी म्हटलं, फरशी ती फरशी. तिनं काड्या पुन्हा एकदा मोजल्या आणि जुडी माझ्या पिशवीत ठेवली. मेळाव्याचं दालन झकास होतं. जमीन लाल कोब्याची, घोटून घोटून आरशासारखी केलेली. तिथल्या पोरांनी काड्या बुडवल्या आणि पाणी मुरेचना. रेघ म्हणून उठेना. जे ते ओघळून शेजाऱ्याच्या चित्रात. पोरांनी अजून पाणी ओतलं. एक मुलगा घसरून पडला, माझ्या निऱ्या भिजल्या, पहिल्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. पसारा न होणारी चित्रकला म्हणून मी जी दाखवायला गेले, तिचा पसारा पुसायला दोन शिपाई लागले.

तपासणीच्या बाई मात्र मनानं मोठ्या. मला सावरून घ्यावं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बरं, चित्र वाळून गेलं की मूल काय म्हणतं?" मला ठाऊक नव्हतं. वर्षभरात एकदाही मी एखादं चित्र वाळेपर्यंत थांबले नव्हते. मी म्हणाले, मूल आनंदित होतं. माझ्या वहीतला शब्द. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाईंना बोलावलं. परतताना मला सबंध वाटभर मावशीचाच राग येत होता, की हिनं मला फरशीचं सांगितलं का नाही. मेळावा कसा झाला, हे तिनं मला कधीच विचारलं नाही. तेही मला लागलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांत तिचा मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत लागला आणि तिला न्यायला आला. मला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? निघायच्या दिवशी तिनं पोरांची नाकं पुसली, माठ घासून पालथा घातला, आणि पदराला हात पुसत माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"नंदूले आई म्हनू द्या," ती म्हणाली. "ते माह्यासाठी माह्याजवळ नाई बसत. त्या खांबापासून तुमी दिसता, म्हून बसते."

ती गेल्यावर मी व्हरांड्यात गेले आणि त्या खांबापाशी खाली बसून पाहिलं. माझं टेबल, खुर्ची, खुर्चीच्या पाठीवरची माझी शाल, सगळं दिसत होतं. बाकी कुठूनही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नंदूला सांगितलं की घरी आणि इथेही आई म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी तिनं मला विनाकारण वीसेक वेळा हाक मारली. पण सुखानं ओ देतानाही एक विचार मनात डाचत होता. माझी मुलगी माझ्यासाठी कुठे बसते हे मला माहीत नव्हतं, आणि त्या बाईला माहीत होतं.

पुढे सात वर्षांनी बडनेऱ्याहून पोस्टकार्ड आलं, मुलाच्या हातचं. मावशी गेली होती. कार्ड नंदूच्याच हातात पडलं. ती बाहेरच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली, ती थांबेना. बारा वर्षांची घोडी, पाच वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देत होती. मी दारात उभी होते, आणि तशा वेळी माझ्या मनात काय यावं? मी गेले तर ही एवढी रडेल का? मेलेल्या माणसाचासुद्धा हेवा करते आहे मी, असं ध्यानात आल्यावर मला माझी इतकी लाज वाटली की जे इतकी वर्षं तोंडून निघालं नव्हतं ते निघालं.

"नंदू," मी म्हणाले, "ते पाण्याचं मी शोधलं नव्हतं."

"माहीत आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, 'तुही माय सांगीन तुले. आज नाई सांगनार, पन सांगीन. तू पुन्हा इचारू नोको.' म्हणून मी विचारलं नाही."

"सात वर्षं?"

"तू सांगशील म्हणाली होती ना ती."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्यावर एवढा भरवसा मीसुद्धा कधी ठेवला नव्हता, आणि जिनं ठेवला तिला मी साधं दोन ओळींचं पत्र टाकलं नव्हतं. नंदूनं माझा हात धरला. त्या दिवशी मी मावशीसाठी पहिल्यांदा रडले, आणि रडतानाही मला तिचा हेवा वाटत होता. तो अजून वाटतो.