डावीकडची पत्रिका

नवी लेन्स घरात आली की सुभेदार आधी आपल्या बायकोला, आमच्या वहिनींना, अंगणात खुर्चीवर बसवायचे आणि मला त्यांच्या तोंडासमोर तांदूळ उधळायला सांगायचे. वहिनी भाकरी थापता थापता उठून आलेल्या, हाताला पीठ तसंच. मी मूठमूठ तांदूळ उधळतोय, सुभेदार समोरून फोटोमागून फोटो काढतायत आणि कोंबड्या वहिनींच्या पायांभोवती गोळा झालेल्या, असा तो सोहळा असे. "माझं लगीन दर म्हैन्याला लागतंय," वहिनी म्हणायच्या, "नवरा तेवढा बदलंना झालाय."

आम्ही दोघंही लग्नाचे फोटो काढणारे. ते कराडचे, मी सांगलीचा. मोठं लग्न असलं की जोडीनं जायचो. मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला झाला की चारी बाजूंनी अक्षता पडतात. त्या क्षणी फोकस नवरीच्या चेहऱ्यावर धरून ठेवणारी लेन्स हवी. कच्ची लेन्स हवेतल्या तांदळाच्या दाण्यामागं धावते आणि नवरी पुसट होऊन जाते. तो क्षण काही कुणी परत घडवत नाही. "भुलली तांदळाला," असं म्हणून सुभेदार लेन्स खोक्यात घालायचे. ती कितीही भारी कंपनीची असो. मी कंपनीचं नाव पुढं केलं की म्हणायचे, "घराणं मोठं हाय, कबूल. म्हणून पोरगं बघायचं न्हाई व्हय, सांगलीकर?"

मला ते कायम 'सांगलीकर'च म्हणत. ते स्वतः सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सुभेदार त्यांना कराडच्या मंडपवाल्यांनी केलं, आणि त्यांनीही ती बढती नाकारली नाही.

तांदळाची परीक्षा पास झाली की दुसरी असे ती पत्रिकांची. घराच्या पुढच्या सोप्यात एका मोठ्या प्लायवूडच्या फळ्यावर त्यांनी जुन्या लग्नपत्रिका ओळीनं डकवल्या होत्या. प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी घरातल्या पोरांच्या नावानं एक बारीक ओळ असतेच: 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' फळ्याचा फोटो काढायचा, मोठा प्रिंट करून आणायचा आणि चारी कोपऱ्यांतल्या पत्रिकांवरची ही ओळ वाचता येते का ते बघायचं. "पोरांचं आवतण वाचाय आलं पायजे," हा त्यांचा कायदा. पुष्कळ लेन्स मधे धारदार आणि एखाद्या बाजूला मऊ, म्हणजे पुसट, असतात. एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन लेन्समध्ये असा फरक मी स्वतः पाहिलाय.

पण वाचायच्या आधी ते प्रिंट नुसता बघायचे. हातभर अंतरावर धरून, डावा डोळा मिटून, नजर मधोमध रोवून. ती बंदुकीची सवय. नेम मधे ठेवायचा आणि चारी बाजू एकदम ध्यानात घ्यायच्या. या पहिल्या नजरेत जी लेन्स पडली ती पडली, तिचं पुढचं वाचन नाही.

त्यांचा आणखी एक नियम मी त्यांच्याकडूनच उचलला. एका बाजूला मऊपणा दिसला की लगेच लेन्सला दोष द्यायचा नाही. "उलटं करून बघ. लेन्सचा दोष आसंल तर तो कूस बदलंल. न्हाई बदलला तर दोष दुसरीकडं हाय, फळ्यात न्हाईतर तुज्यात." म्हणून ते कॅमेरा उलटा धरूनही एक फोटो घ्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागली आणि आमचा हंगाम सुरू झाला, तेव्हा मी एक भारी लेन्स मागवली. सुभेदारांनी तांदळात पास केली आणि पत्रिकेत नापास. "डावीकडं मऊ हाय." वाचायच्या आधीच. कॅमेरा उलटा धरून काढलेला प्रिंट पुढं केला, तर त्याकडं बघून, "ह्यातबी तसंच हाय की," म्हणाले आणि स्वतःचाच नियम विसरून खोकं बंद केलं. तेव्हा ते माझ्याही ध्यानात आलं नाही. मी लेन्स परत केली. दुसरी आली, तीही डावीकडं मऊ. तिसरीही. सांगलीचा दुकानदार माझ्यावर वैतागला. "आवं, तुमच्या सुभेदारांचाच फोकस एकदा सर्व्हिसिंगला टाका," तो म्हणाला. दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवशी कराडहून येताना तिसऱ्या लेन्सचा प्रिंट माझ्या पिशवीत होता. दुकानातून घरी आल्यावर तो उघडला. डावीकडच्या कोपऱ्यातली ओळ मी वाचली: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' उद्गारचिन्हाचं टिंबसुद्धा स्वच्छ होतं. मी स्वतःला समजावलं की म्हातारा वयानुसार हेकट होत चाललाय.

मग कोरेगावच्या एका लग्नात मठ्ठ्याचे ग्लास घेऊन येणारा वाढपी सुभेदारांच्या डाव्या अंगानं आला. ते कॅमेऱ्याला डोळा लावून वळले आणि सरळ त्याच्यावर आदळले. नवरदेवाच्या मामाचा फेटा मठ्ठ्यात न्हाला. "सुभेदार, दुश्मन दिसला न्हाई व्हय?" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. या वेळी मला हसू आलं नाही. मला सगळं एकदम कळलं. लेन्स मऊ नव्हत्या. उजव्या डोळ्यातून त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं.

कळलं, आणि मी बोललो नाही. त्या रात्री मला वाटलं, हंगामात कशाला? पुढच्या आठवड्यात वाटलं, वहिनींना सांगावं. वहिनींना फोन लावला आणि हळदीच्या दराचं, पोराबाळांचं बोलून ठेवून दिला. खरं कारण मला माहीत होतं. मोठी कामं त्यांच्या नावावर मिळत होती आणि त्यांच्यामागून मला. शिवाय फोटो तर उत्तम येत होते. हल्लीचे कॅमेरे माणसाचा डोळा आपोआप शोधून त्यावर फोकस धरतात. कॅमेरा नवरीचा डोळा अचूक पकडत होता. त्यामागचा डोळा विझत चाललाय हे एकट्या मला माहीत होतं. प्रत्येक लग्नात मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. कुणी पाटलीण, कुठं वायर, कुठं पायरी आली की हात धरायचो. त्यांना वाटायचं मी सेवा करतोय. मांडवातून त्यांना धडपणे बाहेर काढेपर्यंत मी त्यांची बाजू सोडायचो नाही.

वैशाखात चौथी लेन्स आली. तांदूळ झाले, प्रिंट आला. सुभेदारांनी डावा डोळा मिटला आणि प्रिंट खाली टाकला. "डावीकडं मऊ. गड्या, ह्या कंपनीचं घराणंच बसलं बघ."

मला राहवलं नाही. "सुभेदार, प्रिंट उलटा धरा."

"आँ?"

"आहे तोच प्रिंट. खालचं वर करा."

त्यांनी प्रिंट फिरवला. डोळा मिटला. बघितलं. मग पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटा. मऊपणानं कूस बदलली नव्हती. वहिनी पदरातले तांदूळ झटकत उभ्या होत्या, त्या थांबल्या. सुभेदारांनी प्रिंट मांडीवर ठेवला, डावीकडच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, मान वळवून चेहरा अगदी जवळ नेला आणि पहिलीतल्या पोरासारखं वाचलं, "आमच्या... आत्याच्या... लग्नाला... यायचं हं."

"लेन्स बरी हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण वहिनी बघत होत्या. "कोरेगावच्या लग्नापासनं."

"मग एवढं दिस कशाची वाट बघत हुतास? आंधार पडायची?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधांनी राखता येईल. "थोडं आधी यायला हवं होतं." हे ते सुभेदारांना म्हणाले, पण ऐकलं मी. बाहेर आल्यावर वहिनींनी औषधांची पिशवी माझ्या हातात दिली नाही. एरवी सगळी ओझी माझ्याकडंच देत.

आता सुभेदार लग्नांना जात नाहीत. उरलेली नजर टिकून आहे, सकाळ-संध्याकाळ वहिनी थेंब घालतात. लेन्स तपासायला मात्र भागातले फोटोग्राफर अजून त्यांच्याकडंच येतात, आणि अशा दिवशी ते मला बोलावतात. तांदूळ आता वहिनी उधळतात, खुर्चीत सुभेदार बसतात आणि फोटो ज्याची लेन्स तो काढतो. वहिनी मूठ जरा जोरातच मारतात. "लय वर्सांचं उट्टं हाय माजं, सोसा," म्हणतात.

प्रिंट आला की सुभेदार उजवीकडचं बघतात आणि मला म्हणतात, "डावीकडचं तू." मी वाचतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घाईत सगळी ओळ म्हणून टाकली. त्यांनी प्रिंट माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "वाचलंस का पाठ म्हनलंस?"

मी खरंच वाचलं होतं. पण ते शपथेवर सांगायचा हक्क माझ्याकडं उरला नव्हता.

तेव्हापासून मी यायच्या आधी ते वहिनींकडून डावीकडच्या कोपऱ्यात नवी पत्रिका डकवून घेतात आणि प्रिंट वाचून होईपर्यंत मला सोप्यात येऊ देत नाहीत. कुणाची, ते मला सांगत नाहीत. परवा तिथं मामाची होती. मी एकेक अक्षर वाचेपर्यंत सुभेदार प्रिंटकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी आत हाक मारली, "काय गं, मामाच हाय न्हवं?"

"व्हय, मामाच," आतून वहिनी म्हणाल्या.

"मग पास," सुभेदार म्हणाले.