घमेल्यातला समुद्र

बायडीने समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी ती अशी बोलायची की वाटावं, हिचं माहेरच तिकडचं. खोडाळ्याजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. तिथं ती डायबेटिसच्या गोळ्या न्यायला यायची आणि गोळ्या घेतल्या तरी उठायचं नाव घ्यायची नाही.

"बाई, ओहोटीला तो जातो कुठं?"

मी तिला चार वेळा समजावलं. चारही वेळा तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जव्हारच्या कड्यावरून एकदा तिला संध्याकाळी लांब पांढरी रेघ दिसली होती. तो समुद्र, असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून नाचणी निंदताना, भात लावताना ती रेघ तिच्या डोळ्यांपुढं असायची. साठी आली, पण भातखाचरापलीकडचं पाणी काही पायाला लागलं नाही.

तिचा मुलगा नितीन आणि सून मीना दिवाळीनंतर बंदरावर मासळी निवडायला, सुकवायला जात आणि शिमग्याला परत येत. "मना ने एकदा तिकडं," असं बायडी दरवर्षी म्हणायची. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. या शिमग्याला मीनानं तिच्यासमोर कोल्ड्रिंकची मोठी बाटली ठेवली. आत गढूळ पाणी होतं.

"आई, तुमचा समुद्र आणलाय."

दुपारी घरात कुणी नव्हतं. बायडीनं अंगणात घमेलं मांडलं, बाटली ओतली आणि दोन्ही पाय आत सोडून बसली. टाचांच्या भेगा नुकत्याच रक्ताळल्या होत्या, त्या झोंबल्या. तिनं डोळे मिटले. पुढचं तिनं मला फार नंतर सांगितलं. पाणी पायाखालून मागं मागं सरत होतं म्हणे. मग अंगण सुटलं, मोहाचं झाड सुटलं, शेजारची घरं सावकाश डुलत निघाली, आणि ती बसल्या जागी कुठंतरी चालली होती. कुठं, ते तिला विचारावंसं वाटलं नाही. मोहाची सावली अंगावर आली तेव्हा तिला भान आलं. म्हातारपणी हे कसले खेळ, म्हणून लाजून तिनं घमेलं पालथं केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता मला बोलावणं आलं. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजून जांभळा झाला होता, त्यावर काळसर पाण्याचे फोड होते, अंगात ताप फणफणत होता.

"पान लागलं," बायडी म्हणाली. आमच्याकडे साप चावल्याला असंच म्हणतात. घोणस चावलेले पाय मी दहा वर्षं बघते आहे. मीही डोळे झाकून मान डोलावली. दातांच्या खुणा शोधायचं मला सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही.

जीपमध्ये मीनाच्या मांडीवर डोकं ठेवून ती पुटपुटत होती. डोंगर हलतायत, म्हणाली. जव्हारला डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी करून पाहिली.

"रक्त तर छान गोठलंय. घोणस असती तर गोठलं नसतं. मावशी, पायाला काय लागलं होतं?"

"पानच," बायडी डोळे न उघडता म्हणाली.

सुनेनं आणलेल्या पाण्यानं सासू आजारी पडली, तर पाड्यावर काय बोलतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मीनालाही ठाऊक होतं. जीपवाला दारातच उभा होता, त्याचं तोंड कधी बंद राहत नाही. मीनानं पदर मुठीत आवळला.

"साहेब, मी बंदरातलं पाणी आणलेलं. बाटली रिकामी झालीय. आईंनी पायावर घेतलं असणार."

"नाय, खोटं हाय!" बायडी ओरडली. इतक्या तापात तेवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

डॉक्टर एकदम ताठ झाले. समुद्राच्या कोमट पाण्यात असे जंतू असतात, म्हणाले, उघड्या जखमेतून शिरले की तासातासाला मांस सडवत वर चढतात, आणि डायबेटिस असला तर माणूस दोन दिवसांत जातो. औषधं लगेच बदलली. त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात पोटरीचं सडलेलं मांस कापून काढलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर पाय गेला असता, कदाचित तीही.

दीड महिन्यानं ती काठी टेकत घरी आली. तोवर जीपवाल्यानं पाड्यावर पसरवलं होतं, सुनेनं पाण्यातून सासूवर करणी केली. मीनाच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. विहिरीवर ती आली की बायका हंडे उचलून चालू लागत. नितीन कुणाकुणाशी भांडला, त्यानं आणखी बिघडलं. मीना माहेरी जायचं म्हणत होती, परत न येण्यासाठी.

त्या दिवशी मी ड्रेसिंगला गेले तर बायडी म्हणाली, "मीना, चल माझ्यासंगं. बाई, तुमीही चला."

ती घरोघरी गेली. प्रत्येक अंगणात लुगडं वर करून खळगा पडलेली पोटरी दाखवायची आणि आयुष्यभर जपलेलं ते वेड सगळ्यांसमोर उघडं करायची. "मी मागितलं म्हणून पोरीनं आणलं. माझ्या हातानं ओतलं, माझेच पाय बुडवले. हिनं तोंड उघडलं म्हणून मी हाय." पोरं फिदीफिदी हसली. एका घरानं दार लावून घेतलं. ती पुढं चालत राहिली.

शेवटचं घर गौराबाईचं, पाड्यातली सगळ्यात म्हातारी ती. तिनं सगळं ऐकून घेतलं. पोटरीवरून हात फिरवला. मग भिंतीला टेकून बसली.

"मीना," ती म्हणाली, "तो माझा मडका हाय ना, त्यातला तांब्याभर पाणी दे मना. तुझ्या हातानं."

मीनानं तांब्या काठोकाठ भरून तिच्यापुढं धरला. ते पाणी गौराबाई सगळ्यांच्या देखत, घोट घोट घेत, शेवटपर्यंत प्यायली.