शाळा म्हणजे लगीनघर नव्हे

माझी लेक गुडघ्यांवर बसून दुसऱ्या पोराची उलटी पुसत होती.

तिसरीचा वर्ग. बाकावरच्या पोरांनी पाय वर घेतलेले. टीचर दाराशी, नाकाला रुमाल लावून. फरशीवर बादली, आणि बादलीशेजारी माझी तन्वी. हातात काळं फडकं. सकाळी मीच इस्त्री करून दिलेला स्कर्ट खालून ओला झालेला.

"नीट पूस," टीचर म्हणाल्या. "आईला बघतेस ना रोज?"

दोन-चार पोरं हसली. तन्वी हसली नाही. रडलीही नाही. पुसत राहिली.

मी वर्गासमोरच्या व्हरांड्यात नळावर कपबशा धूत होते. शाळेत पाहुणे यायचे होते, म्हणून मला चहाला बोलावलं होतं. मी त्या शाळेची नोकर नाही. तिथे माझी मुलगी शिकते. मी पालक आहे. पण हे इतके दिवस मीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या शाळेत तन्वीचा नंबर सरकारने गरिबांसाठी राखलेल्या पंचवीस टक्क्यांत लागला तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले होते. कर्जतच्या रस्त्यावरची इंग्रजी शाळा. पिवळी बस. टाय. मी सातवी शिकले, तीही गावच्या मराठी शाळेत. नवरा खोपोलीला कंपनीत ठेक्यावर आहे. मी कळंबच्या बाजूला एका फार्महाऊसवर झाडलोट आणि स्वयंपाक करते. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणी टाय लावला नव्हता.

मग अभ्यास सुरू झाला आणि मी अडले. वही इंग्रजीत. मोबाईलवरच्या ग्रुपमधले निरोप इंग्रजीत. उद्या पान घेऊन पाठवायचंय की फळ, हेही मला कळेना. एकदा सगळी पोरं हिरवे कपडे घालून गेली आणि माझी एकटी युनिफॉर्ममध्ये. फार्महाऊसच्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, ट्यूशन लावा. ट्यूशनवाली बाई म्हणाली, पोरीचा पायाच कच्चा आहे, आईने रोज वाचून घ्यावं. आईने म्हणजे मी. मी पुस्तक उघडून बसायचे, तन्वी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी चित्रांकडे.

दुसरी अर्धी सरली तरी तिला एक ओळ वाचता येत नव्हती. वर्गात सगळ्यात मागचा बाक. मला झोप लागायची नाही. पोटची पोर डोळ्यांदेखत बुडतेय आणि आपल्याला पोहता येत नाही. दुसऱ्या कुणाला हाक मारावी, तर कुणाला?

मला एकच गोष्ट येत होती. आमच्याकडे कुणाच्या घरी मांडव पडला की बाया आवतणाची वाट बघत नाहीत. आपापली विळी घेऊन जायचं. तांदूळ निवडायचे, भाजी चिरायची, भांडी घासायची. त्यात कमीपणा नसतो, उलट गेलं नाही तर बोल लागतो. घरधनीण मग या बायांची शेवटची पंगत स्वतः वाढते, नको म्हटलं तरी पानात आणखी घालते. आणि आपल्या पोरांना ते घर कधी परकं करत नाही.

मला वाटलं, शाळेलाही असंच आपलं करून घेता येईल.

म्हणून शाळेच्या गॅदरिंगला मी विळी पिशवीत घालून गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर पडेल ते काम केलं, पोरांच्या नाश्त्याच्या मोठ्या टोपल्या उचलल्या, शेवटी भांडी घासली. बाकीच्या आया पुढच्या खुर्च्यांवर होत्या. एकीला रांगोळीला नंबर द्यायला बसवलं होतं. संध्याकाळी पंगत नव्हती. जेवलात का, एवढंही कुणी विचारलं नाही. जाताना टीचर म्हणाल्या, "उरलंय ते घेऊन जा, वाया जाईल." तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्या माझ्याशी हसून बोलल्या ना, तेवढ्यावर मी भाळले. मनात म्हटलं, आता त्या तन्वीकडे लक्ष देतील.

तिथून फोन यायला लागले. पंधरा ऑगस्ट आला, या. पाहुणे येणार, या. शाळेतली मावशी रजेवर आहे, जरा या. नवरा चिडवायचा, "शाळेनं पगार चालू केला काय गं तुला?" मी म्हणायचे, पोरीसाठी चाललंय.

आणि त्या दिवशी ती पोर फरशीवर.

मी हातातली कपबशी ठेवली आणि वर्गात गेले. खरं सांगते, मी भांडायला गेले नव्हते. माझे गुडघे आपोआप वाकले. मी खाली बसले आणि तन्वीच्या हातातलं फडकं घेतलं.

"बरं झालं आलात," टीचर म्हणाल्या.

तन्वी बाजूला सरकली. मला जागा करून दिली. आणि हळूच म्हणाली, "आई, पानी जास्त घे. नायतर वास ऱ्हातो."

माझा हात थांबला.

"तुला कसं माहीत गं?"

"मीच पुसते ना नेहमी."

"कधी?"

"सगळे वाचतात तवा. मला वाचता येत नाय ना. म्हणून टीचर मला काम देतात. फळा पन मीच पुसते."

वर्ग वाचत होता आणि माझी लेक फडकं पिळत होती. म्हणून तिला अजूनही ओळ येत नव्हती. पाया नुसता कच्चा नव्हता. पायाच्या जागी तिला बादली दिली होती. आणि त्या बादलीची वाट मी दाखवली होती, विळी घेऊन, हसत हसत.

मी उठले. फडकं टीचरच्या टेबलावर ठेवलं.

ज्या पोराला उलटी झाली होती ते कोपऱ्यात पांढरं पडून उभं होतं. त्याचा काय दोष. त्याला नळावर नेलं, तोंड धुतलं, पाणी पाजलं. ते मी कुणाच्याही पोराचं करीन. फरशी मात्र तशीच ठेवली. मग तन्वीचे हात साबणाने धुतले आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं.

"माझी पोर वाचायला येते हितं," मी म्हटलं. "तिला वाचायला घ्या."

टीचर गडबडल्या. "तुम्ही मदतीला येता की भांडायला?"

"आजपासनं मदत बंद."

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज गोड. म्हणाल्या, "तुमच्याच भल्याचं सांगते. घरी मदत नसली की अशा मुलांना इथे झेपत नाही. गावच्या शाळेत घाला, तिथे ती रमेल."

अशा मुलांना. मी बाईंच्या टेबलाकडे बघत होते. त्यावरची काच सकाळी मीच पुसली होती.

"काढनार नाय," मी म्हटलं. "काढायची असंल तर तुमी काढा. आन का काढली ते लिहून द्या. ते घेऊन कुठं जायचं ते मी बघीन."

त्यांनी काही लिहून दिलं नाही.

घरी नवरा डोकं धरून बसला. कशाला नडलीस, आता ते पोरीवर राग काढतील. तो खोटं बोलत नव्हता. राग काढतातच. तन्वीला परत मागच्या बाकावर पाठवलं. एखादी गोष्ट आली नाही की उभी करतात. मला सगळ्यात वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एके सकाळी वेणी घालताना तन्वी रडायला लागली. म्हणाली, मला फळा पुसू दे.

"का गं?"

"टीचर मला तवाच गुड म्हंतात."

माझ्या हातातली वेणी सुटली. आठ वर्षांच्या पोरीला शाबासकी हवी असते, त्यात तिचं काय चुकलं. माझ्याकडे तिला द्यायला इंग्रजी नाही, ट्यूशन नाही, ओळखपाळख नाही. आणि जी एक शाबासकी तिला मिळत होती ती मीच हिसकावली. त्या दिवशी कामावर मी न जेवता राहिले. संध्याकाळी वाटलं, जाऊन पाय धरावेत. चुकले म्हणावं.

नाही गेले.

आता मी पहिलीचं इंग्रजी पुस्तक आणलंय. फार्महाऊसवर दुपारी एकटी असते तेव्हा अक्षर अक्षर लावत बसते. तन्वीच्या पुढे मी एक पान जरी राहिले तरी पुरे. अजून राहत नाही. ती अडखळते, मी तिच्यापेक्षा जास्त अडखळते.

परवा शाळेतून फोन आला. गॅदरिंग आहे, सकाळी लवकर या, विळी घेऊन या. मी म्हटलं, "येईन. कार्यक्रमाला येईन. खुर्चीवर बसाया." पलीकडून फोन ठेवला. याचा राग तन्वीवर निघणार, हे मला कळलं.

आज सकाळी बसपाशी तन्वीचे दोन्ही हात धरले आणि तिला सांगितलं. कुठल्याही आईवर असं सांगायची वेळ येऊ नये.

"फडकं दिलं तर हात पाठीमागं घ्यायचे. नाय म्हनायचं. शिक्षा केली तर उभी ऱ्हा. दिवसभर उभी केली तरी ऱ्हा. पन पुस्तक खाली ठेवू नको."

"आन टीचर ओरडल्या तर?"

"ओरडू दे. मी गेटवर हाय."

बस गेली. मी कामावर गेले नाही. शाळेच्या गेटवर उभी आहे. वॉचमनने दोनदा विचारलं, काय काम आहे.

काम काही नाही, म्हटलं. माझी मुलगी आत शिकतेय.