हात आत, पाय बाहेर

"भाऊसाहेब, आलो बरं का. लिवा!"

सकाळी पावणेसातला टाइम ऑफिसच्या खिडकीवर टकटक व्हायची आणि मागोमाग हे वाक्य. अंगात इस्त्रीचा खाकी युनिफॉर्म, खिशात पाना, सायकलला डबा. खरं तर आत मिस्त्रींना काम नव्हतंच. ऐंशीनंतरची ती वर्षं. सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या आणि निम्म्या कामगारांना ले-ऑफ मिळाला. म्हणजे घरी बसायचं, अर्धा पगार घ्यायचा. पण रोज सातला गेटवर येऊन सही करायची. सही चुकली की त्या दिवसाचा अर्धाही गेला. मी टाइमकीपर, ते रजिस्टर माझ्याकडे होतं.

मिस्त्री हे नाव सगळ्यांनी पाडलेलं. मूळचे दिंडोरीकडचे, राहायला पंचवटीत. बाकीचे सही करून पांगत. कुणी रिक्षा चालवी, कुणी भाजी विकी. मिस्त्री मात्र खिडकीपाशी रेंगाळत.

"काम नाही तर डबा कशाला आणता?" मी एकदा विचारलं.

"घरी जेवलो तर मंडळी भांडी घासाय लावती. हितं निवांत हाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. माझा टेबलफॅन कुरकुरत होता. ले-ऑफवाल्याला गेटच्या आत यायची बंदी. मिस्त्रींनी बाहेरूनच खिडकीच्या गजांतून दोन्ही हात आत घातले आणि पंखा खोलला.

"हात आत, पाय बाहेर. कायदा पायाचा आसतो, भाऊसाहेब!"

महिनाभरात त्या खिडकीतून त्यांनी वॉचमनची बॅटरी, हजेरीचं घड्याळ आणि कँटीनचा स्टोव्ह दुरुस्त केला. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, कामावर होता तेव्हा एवढं काम नाही केलंत!"

"तव्हा पगार पुरा व्हता ना!"

आणि मग तो दिवस. उरलेल्या एकमेव ऑर्डरचा माल संध्याकाळी जायचा होता आणि पत्रा दाबायचा प्रेस बंद पडला. आतल्या फिटरने हात टेकले. मी धावत जाऊन मिस्त्रींसाठी लहान गेट उघडलं.

"पाय आत गेले तर, भाऊसाहेब?"

"मी आहे ना!"

हे शब्द माझे. ते मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

पाऊण तासाने मॅनेजर राउंडला आले. प्रेसखालून दोन पाय बाहेर आलेले.

"कुणाचे पाय हे?"

"माझेच, सायेब," खालून आवाज आला. "जरा थांबा, नट हातात हाय."

आम्ही सगळे हसलो. मॅनेजर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "याला आत कुणी घेतलं?"

"मला माहीत नाही, साहेब."

प्रेसखालचा पान्याचा आवाज थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "गेट उघडं दिसलं, शिरलो." प्रेस चालू झाला होता.

मॅनेजरांना माणसं कमी करायला निमित्त हवंच होतं. विनापरवाना आत शिरल्याबद्दल मिस्त्रींना काढलं. रजिस्टरातल्या नावावर लाल रेघ मीच मारली. मला दोन लहान मुली होत्या, आईचं आजारपण होतं. ही कारणं मी स्वतःला अजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते आले. रेघ निरखून म्हणाले, "सरळ मारली, भाऊसाहेब. पट्टी घेतली व्हती का?"

"मिस्त्री, मी..."

"ऱ्हाऊ द्या. दोघंबी गेलो आसतो, तर या लोकांच्या हजऱ्या कुणी लावल्या आसत्या?"

मागे रांगेतले सगळे ऐकत होते. ते सायकलवर बसून गेले. नंतर कधी दिसले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रांग नेहमीसारखी लागली. पण खिडकीपासून एका माणसाची जागा सोडून. "पुढे या," मी म्हणालो. कुणी हललं नाही. मग मीच गजांतून हात लांबवून रजिस्टर बाहेर धरलं. एकेक जण सही करत होता. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.