सात सह्यांचं सॉफ्टवेअर

परवा कोल्हापुरात, राजारामपुरीत जुन्या ऑफिसची मंडळी भेटली. चहा येईपर्यंत दोन किस्से झाले, संपेपर्यंत आणखी चार. आमच्या फाउंड्रीत लोखंडाचे सुटे भाग बनायचे, पण किस्से त्याहून जास्त. त्यातले बरेचसे नव्वदीच्या अखेरीस नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हाचे. कॉम्प्युटर विभागात मी आणि माझे साहेब शिंत्रे, दोघंच.

*

पसंतीला दोन सॉफ्टवेअर होती. एक कोल्हापुरातल्याच प्रोग्रॅमरनं आमचं काम बघून लिहिलेलं, दुसरं मुंबईच्या बड्या कंपनीचं.

शिंत्रेसाहेब म्हणाले, "इथलंच चांगलं आहे. पण मुंबईचं घेऊ."

"का, सर?"

"इथलं बंद पडलं तर विचारतील, कुणी घेतलं? मुंबईचं बंद पडलं तर म्हणतील, एवढ्या मोठ्यांचं पण बंद पडतंय बघा."

*

निवडीसाठी सात जणांची कमिटी झाली. ठरावावर सातही सह्या झाल्या. शिंत्रेसाहेबांची पेन्सिलीनं.

*

स्टोअरकीपर मगदूमअण्णा कमिटीत नव्हते. सॉफ्टवेअर मात्र त्यांच्याच स्टोअरसाठी; त्यात आकडे भरायचे मी. डेमोला ते मागं उभे होते.

"पावणं, खराब माल आमी परत भट्टीत घालतो. त्यो ह्यात कुठं दाखवायचा?"

मुंबईचा माणूस म्हणाला, "आमच्या सिस्टिममध्ये खराब मालाची सोयच नाही."

"मग आमचा कारखानाच तुमच्या सिस्टिममदी घाला की."

*

तिसऱ्याच आठवड्यात भट्टीत जायचा माल सिस्टिमनं चांगला दाखवला आणि ट्रक भरून पुण्याच्या गिऱ्हाइकाकडं गेला. शिंत्रेसाहेबांनी रिपोर्ट लिहिला : 'ऑपरेटरची चूक.'

ऑपरेटर म्हणजे मी.

*

पुढं इथल्या प्रोग्रॅमरचंच सॉफ्टवेअर आलं आणि मी निवृत्त होईपर्यंत चाललं. ते त्या रिपोर्टवरच्या मीटिंगमुळं.

मालकांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मॅडमचं नंतर बघू. आधी सांगा, हे निवडलं कुणी?"

सातही जण खाली बघत बसले. मी उभीच होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी निवडलं, मालक. चूक माजी. मॅडमला काय बोलू नगा. आता बदलायचं बी मीच सांगतो."

मालकांनी वळून बघितलं. "मगदूम, तुम्ही तर कमिटीत नव्हता."

अण्णा म्हणाले, "म्हणून तर बोलाय येतंय की."