कुंकू लागलेला मासा

कॅनडात मार्कहॅमला लेकीकडे राहायला येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात नातीची मैत्रीण दुसऱ्या गावी गेली, आणि ही बेसमेंटमध्ये एकटीच कार्डं मांडून बसायला लागली. चित्रांच्या कार्डांचा नवीनच गेम होता तो, मुलं त्यातली कार्डं एकमेकांत बदलून घ्यायची, आणि एकटीने कसा खेळणार? मला म्हणाली, "आजी, यू प्ले विथ मी." मी म्हटलं, बघू हं. मला आपलं बदाम सात येतं, या वयात नवीन डाव कुठे शिकू?

पण सुट्टी संपल्यावर ती शाळेत गेली की मी एकेक कार्ड खिडकीच्या उन्हात धरून बघायची. एकावर निळा, पंखवाला मासा होता. जरा हलवला की चमकायचा, आणि मी त्याच्याबरोबर कुठच्या कुठे जायची. चहा गार होऊन जायचा.

दसऱ्याला आपण वह्या-पुस्तकं पूजेत मांडतो ना, तशी मी तिची कार्डंही मांडली, आणि सगळ्यांत वरच्या त्या माशाला ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं. नंतर डाग काही निघेना.

संध्याकाळी तिने ते पाहिलं आणि डाग बोटाने घासून बघितला. "आजी, नाऊ नोबडी विल ट्रेड फॉर इट."

"चुकलं गं माझं."

तिने कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "देन इट्स युअर्स. नाऊ यू हॅव टू प्ले."

मी चष्मा पुसला आणि तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "बरं, सांग, हा मासा करतो काय?"