कानात सांगितलेलं नाव

रेवा माझ्या मांडीवर बसून पेरूच्या फोडी खात होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "रेवा! दप्तर अजून दारातच? किती वेळा सांगायचं गं तुला?" पोर टुणकन उठून पळाली. माझ्या साडीवर तिखटमीठ तेवढं सांडून गेली.

हे नाव मी माझ्या मुलीसाठी जपून ठेवलं होतं. लग्नाचं काही जमलं नाही आणि मुलगीही राहूनच गेली. दादाला मुलगी झाली, तेव्हा बारशाला आत्या म्हणून मीच पाळण्यावर वाकले आणि ते नाव तिच्या कानात सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायका माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या. डोळ्यांत आलेलं पाणी त्या धपाट्यांवर खपून गेलं.

रेवा मला काही कमी देत नाही. शाळेतली गुपितं आधी मलाच कळतात. पण ती येते हसत, जाते हसत. तिच्यावर वैतागायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आज मला वहिनीच्या त्या ओरडण्याचा हेवा वाटला.

दादाकडून माझ्या घरी आले, दार लावलं आणि वहिनीसारखीच खणखणीत हाक मारून पाहिली.

आवाज निघाला तो कानात सांगण्याएवढाच.